तुमच्या कागदावरची शेवटची ओळ

पत्रूभाऊ, तुम्ही गेल्यापासून मी मान वळवायला भितो. वाचनालयात कोणी मागून हाक मारली तर खुर्चीसकट वळतो. दाढी करताना वस्तरा जबड्याखाली आला की हात थांबतो. तिथे बोट ठेवलं की ठोका लागतो, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही सारखे आहेत की नाहीत हे ठरवता ठरवता साबण वाळून जातो. तुम्ही असता तर हसला असता. "मास्तर, ठोका लागून राह्यला म्हंजे गाडी चालू हाये. बंद पडला तं बोट कोन ठेवन?"

मी मास्तर नाही, मूल गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, हे नऊ वर्षांत तुम्हाला किती वेळा सांगितलं. "पुस्तकं राखते तो मास्तरच," असं म्हणून तुम्ही तो वाद दर वेळी मिटवायचात, आणि पुढच्या भेटीत मी तो पुन्हा काढायचो. तो तसाच राहिला. मरळ चवीला चांगली की रोहू, हाही राहिला. पण आज लिहायला बसलो आहे ते ज्यावर आपला वाद कधी झालाच नाही त्याबद्दल. वाद व्हायला तुम्हाला ते माहीत असायला हवं होतं.

आधी बाकड्यापासून सुरुवात करतो, म्हणजे मला धीर येईल.

नागपूरच्या दवाखान्यात शेकाच्या खोलीबाहेर ते लांब बाकडं होतं. डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणत, आपण सगळे शेक म्हणायचो. तुमच्या डाव्या गालाच्या आत गाठ होती, माझ्या घशात. दोघांनाही तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानंच तिथे पोचवलं होतं. तुम्ही सावली तालुक्यातल्या तुमच्या गावी तळ्याच्या पाळीवर बसून खायचात, मी 'शांतता राखा' या पाटीखाली बसून. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नसे, म्हणून मला तो आवडायचा. हे मी फक्त तुम्हालाच सांगितलं आहे.

तुम्हाला आठवतं, आपले मुखवटे एकाच दिवशी तयार झाले? जाळीदार प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि मानेवर दाबायचे. तो थंड होऊन कडक झाला की आपल्याच चेहऱ्याचा साचा तयार. रोज शेक घेताना तो घालून टेबलाला खटके लावून टाकायचे. डोकं तसूभरही हलू नये म्हणून. पहिल्या दिवशी मी आत गेलो आणि खटके लागताच ओरडलो. बाहेर आलो तो भिंत धरूनच. तुम्ही मला बाकड्यावर जागा करून दिलीत. तोपर्यंत आपली ओळखही नव्हती.

"काय जी, भेव वाटला?"

मी मान हलवली.

"मले तं लाज वाटली," तुम्ही म्हणालात. "सारी जिंदगी मासोळ्या जाळ्यात धरल्या. आता पाहा, मीच जाळ्यात. आत पडल्या पडल्या मनातल्या मनात एकेकीची माफी मागून राह्यलो होतो. तेहतीस शेक हायेत म्हंतेत. तेवढ्यात साऱ्या जनीची मागून होत नाई."

पाचव्या आठवड्यात माझा घसा आतून सोलला गेला होता. पाणीसुद्धा उतरत नव्हतं. आपण उतरलो होतो त्या धर्मशाळेत तुम्ही तांदळाची पेज वाटीत घेऊन माझ्यासमोर बसायचात. "अजून एक घोट, मास्तर. मंग सोडतो तुमाले." तुमच्या स्वतःच्या तोंडात तेव्हा फोड होते, ओठ फुटलेले होते. मी तेव्हा आभार मानले नाहीत, आवाजच नव्हता. नंतर आवाज आला, घोगरा का होईना, पण मग लाज वाटायला लागली. तेव्हाची ती वाटी मला अजून दिसते, काठावर टवका उडालेली.

शेक संपल्यावर मुखवटे आपल्यालाच देऊन टाकले. तुम्ही तुमचा तळ्यावर नेला आणि त्यात झिंगे निथळायला लागलात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुमच्या नाकाच्या खोलगट जागेत ते इवलेसे झिंगे उड्या मारत होते. माझा मुखवटा वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर आहे. नऊ वर्षांत एकदाही उघडला नाही.

त्या नऊ वर्षांत आपण एकाच गोष्टीला भ्यालो. गाठ परत येईल का? तपासणीच्या दिवशी पहाटे तुम्ही सावलीहून मूलला यायचात, तिथून नागपूरची बस. मी पोचायच्या आत खिडकीजवळच्या जागेवर तुमचा खांद्यावरचा निळा दुपट्टा टाकलेला असायचा. बसायच्या आधी स्टँडच्या भिंतीशी उभं राहून आपण मोबाइलच्या उजेडात एकमेकांच्या तोंडात पाहायचो. लोक बघायचे. "साफ हाये जी," तुम्ही म्हणायचात, "पोचारल्या भिंतीवानी." तुमचं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं, त्यामुळे मला फारसं दिसायचं नाही, तरी मीही साफ म्हणायचो. मानेकडे कोणी पाहिलं नाही. मान दोघांचीही दोरखंडासारखी ताठ झाली होती, कातडी काळपट. "कासव झालो," एवढंच तुम्ही त्याबद्दल बोलायचात.

आता ते सांगतो.

या उन्हाळ्यातली तपासणी. डॉक्टर नवे होते, तरुण. आधी तुम्हाला तपासलं, मग मला. तुम्ही बाहेर नळावर बाटली भरायला गेलात, कारण शेकानंतर तुमच्या तोंडाला थुंकी उरली नव्हती, दर पाच मिनिटांनी घोट लागायचा. डॉक्टरांनी माझ्या मानेवर स्टेथोस्कोप लावला. छातीला लावतात तसा, मानेला. बराच वेळ ऐकलं. तुमच्याही मानेला लावला होता म्हणे. मग दोन्ही फाइली समोर घेऊन ते मला म्हणाले, "तुम्ही वाचन करणारे दिसता. त्यांनाही समजावून सांगा."

त्यांनी नीट समजावलं, भाऊ. घाई केली नाही. मानेतून दोन मोठ्या रक्तवाहिन्या मेंदूकडे जातात. गाठ जाळताना वाटेत त्याही शेकल्या जातात. वर्षं गेली की त्या आतून जाड होऊ लागतात, रक्ताची वाट अरुंद होते. सगळ्यांनाच होतं असं नाही. पण कधी थोड्या वेळापुरता एका डोळ्यापुढे अंधार येतो, हात लुळा पडतो, जीभ जड होते, आणि सगळं परत ठीक होतं. ते ठीक झालं म्हणून सोडून द्यायचं नसतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कारण पुढचा झटका परत फिरत नाही. मानेची सोनोग्राफी केली की वाट किती उरली ते कळतं, आणि वेळेत कळलं तर औषध आहे. त्यांनी दोन्ही कागदांवर तळाशी तीच एक ओळ इंग्रजीत लिहिली: मानेची सोनोग्राफी करून घ्यावी.

मेंदू हा शब्द आला तेव्हा मुखवट्याचे खटके लागतात तसं झालं.

तुम्ही बाटली घेऊन आलात. टेबलावरची तुमची फाइल उचलून नेहमीसारखी माझ्या हातात दिलीत. "काय लिवलं जी?"

मी म्हणालो, "काही नाही. पुढच्या वर्षी या म्हणतात."

का म्हणालो? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिथल्या तिथे म्हणाला असता, चला, आत्ताच करून टाकू. तुम्ही तसेच होतात. टेबलावर आधी तुम्ही पडला असता, आणि तुमच्या मागून मला जावं लागलं असतं. मला माझी मान तपासायची नव्हती. एवढंच. बसमध्ये तुम्ही मला खिडकी दिलीत, चणे दिलेत, आणि नागभीडपर्यंत दुपट्टा तोंडावर घेऊन झोपलात. मी जागा होतो. सांगू, मूल यायच्या आत सांगू, असं म्हणत होतो. मूल आलं.

भादव्यात एका बाजाराच्या दिवशी तुम्ही वाचनालयात आलात. पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. पेपरच्या बाकावर बसलात, बाटलीतून घोट घेतलात आणि आवाज खाली आणून म्हणालात, "मास्तर, काल एक मज्या झाली. डाव्या डोळ्यावर कोनं परदा सोडला जी. वरून खाली, दुकानाच्या शटरवानी. पाच मिन्टं काई दिसे नाई. मंग आपल्या मनानं उचलला."

"मोतीबिंदू असेल," मी म्हणालो.

"मोतीबिंदू का पाहुना हाये? येऊन चाल्ला गेला?"

"सुरुवातीला होतं तसं."

"पुस्तकात पाहा ना जी. तुमच्याकडं तं औषधाचं जाडं पुस्तक हाये."

ते पुस्तक माझ्या पाठीमागच्याच फळीवर होतं. तुम्ही बसला होता तिथून त्याचा लाल कणा दिसत असणार. तुम्हाला वाचता येत असतं तर नावही दिसलं असतं. मी म्हणालो, "कोणीतरी नेलं आहे."

तुम्ही गेल्यावर मी ते काढलं आणि न उघडता परत ठेवलं. शेजारच्या भात गिरणीचा कोंडा उडून सगळ्या पुस्तकांवर बसतो. त्या एका पुस्तकावर माझ्या बोटांचे ठसे उमटले. कितीतरी दिवस मी ते पुसले नाहीत.

आणि मग दिवाळीनंतरची ती सकाळ. मच्छीमार सोसायटीच्या मासेमारीचा दिवस होता, मी तळ्यावर मासोळी घ्यायला आलो होतो. तुम्ही कंबरभर पाण्यात उभे. तुमचं जाळं फेकणं मी तुमच्याकडूनच समजून घेतलं होतं. अर्धा घेर डाव्या कोपरावर, उरलेला उजव्या हातात, आणि काठाचा एक शिशाचा मणी दातांत. हात सोडतात त्याच क्षणी दात सोडले पाहिजेत, तेव्हा ते हवेत गोल उघडतं. शेकाच्या आधी तुमचे डावीकडचे दात काढले, मग तोंड उघडेना. तुम्ही काठ खांद्यावर टाकून फेकायला शिकलात. पण तेव्हापासून जाळं जरा वाकडं पडलं की अख्ख्या गावाकडे कारण तयार असायचं: दात नाहीत ना.

त्या दिवशी जाळं उघडलंच नाही. उजव्या हातातून ओल्या गोणपाटासारखं खाली सरकलं. पाळीवरून तुमचे चुलतभाऊ काशिनाथ ओरडले, "काऊन रे पत्रू, जाळं फेकून राह्यला का वाळू घालून राह्यला?"

सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि उत्तर द्यायला गेलात. तुमच्या तोंडून कधी उधारीनं उत्तर आलं नव्हतं. पण त्या दिवशी फक्त "दा... दा..." एवढंच आलं.

"हो ना बे, दातच नाईत!" काशिनाथ म्हणाले, आणि पुन्हा हशा.

मी पाण्याच्या काठाशी होतो. मला तुमचा उजवा हात दिसत होता. बोटं उघडी, हात पाण्यावर नुसता लोंबकळत, कोणा दुसऱ्याचा असल्यासारखा. तुम्ही त्याच्याकडे पाहत होतात. मग माझ्याकडे पाहिलंत. भाऊ, तुम्ही घाबरला होतात. नऊ वर्षांत मी तुम्हाला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

थोड्या वेळानं बोटं वळली. तुम्ही जाळं गोळा केलंत, पुन्हा फेकलंत, आणि ते असं गोल पडलं की पाळीवर लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर येऊन तुम्ही मला विचारलंत, "हात कामून सुटला जी?"

डॉक्टरांचं वाक्य न् वाक्य माझ्या डोक्यात उभं होतं. मी म्हणालो, "दातांची सवय गेली की असं होतंच."

तुमचा चेहरा सैल झाला. "तेच म्हनलं," तुम्ही म्हणालात, आणि मला एक रोहू जास्तीची दिलीत. मी ती घरी आणून शिजवली. एकट्यानं खाल्ली.

त्यानंतर पंधरा दिवस होते. पंधरा दिवसांत मी सावलीला येऊ शकलो असतो. तुम्हाला फोन करू शकलो असतो. तुम्ही पाळीवर कोसळलात त्या सकाळी तुमच्या पत्नीचा, शेवंताबाईंचा फोन आला तेव्हा मी उचलायच्या आधीच मला माहीत होतं.

गडचिरोलीला दवाखान्यात तुम्ही डोळे उघडे ठेवून पडला होतात. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं. तुमच्यासारख्या माणसाचं बोलणं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "ह्यांच्या मानेला शेक दिला होता ना? मग मानेची सोनोग्राफी कधी झाली होती का?" शेवंताबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "मास्तरले मालूम. कागद तेच वाचतेत." मी म्हणालो, "नाही झाली." खरंच बोललो. तुम्ही डाव्या हातानं माझ्या शर्टाची बाही धरलीत. धरूनच ठेवलीत. काही विचारत होतात की नुसता आधार हवा होता, हे मला कधीच कळणार नाही. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेव्हापासून मी तुमच्या मरणानं दुःखी आहे की घाबरलो आहे, हे मला वेगळं करता येत नाही. रडायला बसतो आणि हात मानेकडे जातो. चहाचा कप उचलताना बोटं मोजतो. एक डोळा मिटून पेपर वाचून पाहतो, मग दुसरा. माझ्या कागदावरही तीच ओळ आहे, तीच तारीख. वेळेत गेलो असतो तर तुम्ही वाचला असता का, ते खात्रीनं कोणी सांगत नाही. पण तुम्हाला डॉक्टरांना विचारायला तरी मिळालं असतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी शेवंताबाईंनी मला थांबवून घेतलं. अंगणात भाताच्या पेंढ्यांची गंजी होती, पाहुणे निघून गेले होते. त्यांनी तुमची फाइल आणून माझ्या मांडीवर ठेवली. "यात काई कामाचं असन तं काढून ठेवा भाऊ. बाकी चुलीत टाकून देऊ."

मी सगळ्यात वरचा कागद काढला. तळाशी ती ओळ होती. मी ती त्यांना वाचून दाखवली, मराठीत. मग उन्हाळ्यातलं सगळं सांगितलं. नळावरची बाटली, लाल पुस्तक, सुटलेला हात, जास्तीची रोहू. माझा आवाज तसाही घोगरा आहे, मध्ये मध्ये गेला. कोंबडी गंजीवर चढली तरी त्यांनी हाकलली नाही.

मी वाट पाहत होतो. त्यांनी शिव्या द्याव्यात, उठून आत जावं, काशिनाथभाऊंना हाक मारावी.

त्या म्हणाल्या, "तुमच्याई कागदावर हेच लिवलं हाये?"

"हो."

"मंग तुमची काढली का?"

"नाही."

"आताई नाई? ते मेल्यावरई नाई?"

"नाही."

"काऊन?"

"भीती वाटते," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या नजरेत माफी नव्हती, भाऊ, मी खोटं लिहिणार नाही. "तुमच्या भेवानं माह्या घरचा मानूस नेला," त्या म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसून उठल्या. "आता तुमाले नेलं तं त्याचा काय फायदा? सोमवारी पयल्या गाडीनं चंद्रपूरले चला. मी येतो संगं. तुमी एकटे जानार नाई, मले मालूम हाये."

सोमवारी गाडी मूलला आली. मी चढलो. गर्दी होती. खिडकीजवळच्या एका जागेवर तुमचा निळा दुपट्टा टाकलेला होता.

चंद्रपूरला त्या खोलीत मुखवटा नव्हता, खटके नव्हते. एक बाई होत्या, त्यांनी मानेवर गार मलम लावलं आणि म्हणाल्या, "मान डावीकडे वळवा." मला ते जमेना. त्या थांबल्या. दार अर्धं उघडं होतं. बाहेर बाकड्यावर शेवंताबाई माझी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या दिसत होत्या. मी मान वळवली. मग यंत्रातून आवाज यायला लागला, फस्स, फस्स, सांडव्यावरून पाणी पडतं तसा. एका जागी तो बारीक झाला, तीक्ष्ण झाला. बाईंनी तिथेच यंत्र धरून ठेवलं. पुन्हा ऐकलं. मी डोळे मिटले, आणि तुमच्यासारखी एकेकाची माफी मागावी म्हटलं. माझ्याकडे एकच नाव होतं.

तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद हातात घेऊन बाहेर आलो. स्टँडवर परतीची गाडी लागलेली होती. शेवंताबाई खिडकीशी बसल्या, मी शेजारी. इंजिन सुरू झालं, काचा थरथरू लागल्या. त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, "काय लिवलं जी?"

तुमचेच शब्द होते, तोच सूर.

मी वाचायला लागलो. उजवीकडची वाट मोकळी आहे. डावीकडची निम्म्याहून अधिक अरुंद झाली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी आजपासून, रोज. मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, आठ दिवसांच्या आत. मी एकही ओळ गाळली नाही, तळाची सहीसुद्धा वाचली.

"आयकू येत नाई," त्या म्हणाल्या. "पुन्ना वाचा. मोठ्यानं वाचा."